अडीचचा कपॅसिटर

एसी गार करेनासा झाला की अख्खं नाशिक एकच निदान करतं: गॅस संपला. शेजारच्या लताबाईंनी तेच सांगितलं, शाळेतल्या शिपायानं तेच सांगितलं, आणि ज्यांच्या घरी एसी नाही त्यांनी तर छातीठोकपणे सांगितलं. चैतालीनं कुणाचंच ऐकलं नाही. विजेच्या मोटारी वाइंड करणाऱ्या माणसाबरोबर तिनं वीस वर्षं संसार केला होता. एवढं शहाणपण तिला नुसत्या सहवासानं आलं होतं. तिनं वडाळा नाक्यावरच्या आवेजभाईंना फोन लावला आणि म्हणाली, "गॅसचं मागाहून बघू. आधी बाहेरचं युनिट उघडा."

दुखणं तिला नीट ठाऊक होतं. रिमोट दाबला की गॅलरीबाहेर कठड्याला लागून बसवलेलं ते युनिट नुसतंच घूं करून घुमायचं, मग टक असा आवाज यायचा आणि पंखा सुटायचा. मार्चमध्ये हे घुमणं एवढंसं होतं. मे लागला तसं ते लांबत गेलं. परवा तर पंखा सुटलाच नाही, कॉम्प्रेसर तापून गपगार झाला आणि आतल्या पलंगावर मंगलाबाई घामानं न्हाऊन निघाल्या. मंगलाबाई म्हणजे चैतालीच्या सासूबाई. अर्धांगाचा झटका येऊन त्यांची उजवी बाजू गेली होती, वाचा तेवढी शाबूत होती. या बाईंना उन्हाळा सोसणार नाही, खोली गार ठेवा, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. सिडकोतलं वरच्या मजल्याचं घर, डोक्यावर तापलेला स्लॅब आणि गॅलरीला पश्चिमेचं ऊन, म्हणजे एसीवाचून गत नव्हती.

चैतालीचा नवरा जयराम अंबडच्या एका कारखान्यात मोटारी वाइंड करायचा, त्यांत तांब्याची तार नव्यानं गुंडाळायचा. हाताला गुण असा की जळालेली मोटार त्याच्याकडे गेली की गुणगुणतच परत यायची. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो या घरात होता. एसीच्या पंख्याचा कपॅसिटर, म्हणजे पंख्याला फिरायला धक्का देणारा भाग, गेला तेव्हा त्यानं कारखान्यातल्या अडगळीतून एक उचलून आणून ठोकला. तो एकाच उन्हाळ्यात मेला. मग जयरामनं कपॅसिटरचा नादच सोडला आणि वेळूची एक कामटी घेतली. चैतालीनं रिमोट दाबायचा, यानं गॅलरीत उभं राहून जाळीतून कामटी घालायची आणि पात्याला टिचकी मारायची, की टक होऊन पंखा सुरू. "अहो, आणा ना एक नवा," असं ती म्हणाली की "उद्या" हे उत्तर तयार असायचं. हिवाळ्यात एका सकाळी कारखान्यात चहा पिता पिता जयराम खाली बसला आणि पुन्हा उठलाच नाही. त्याचा उद्या तसाच राहून गेला.

निदान मार्चपर्यंत चैतालीला तसंच वाटत होतं. मार्चमध्ये तिनं पहिल्यांदा एसी लावला तेव्हा गॅलरीत कुणी नव्हतं आणि कामटीही नव्हती. घर आवरताना तिनंच ती भंगारवाल्याच्या पोत्यात टाकली होती. तरी टक झालं आणि पंखा फिरला. रिमोट हातात धरून ती ढसाढसा रडली. म्हणजे शेवटी आणलाच म्हणायचा यांनी, आणि सांगितलं पण नाही. नवऱ्याची ही शेवटची भेट तिनं मनात जपून ठेवली होती.

आवेजभाई दुपारी आले. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. गॅलरीच्या कठड्यावरून वाकून त्यांनी युनिटचं झाकण काढलं.

"भाभी, इकडे या जरा," ते म्हणाले.

पंख्याचा कपॅसिटर म्हणजे मुठीत मावेल एवढा पत्र्याचा डबा. त्याचा माथा फुगून फाटला होता. आतलं तेल ओघळून केव्हाच वाळलं होतं आणि दोन्ही वायरींवर कोळ्यानं जाळं केलं होतं. आवेजभाईंनी सवयीनं दोन्ही टोकांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा टेकवला. आत करंट साठून राहिला असेल तर तो निघून जावा म्हणून असं करतात. ठिणगी पडली नाही. मीटर लावलं तर काटा हलला नाही.

"हा दोन वर्षांपूर्वी मेलाय," ते म्हणाले. "पंखा चालूच शकत नाही."

"रोज चालतो," चैताली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

आवेजभाईंनी वाद घातला नाही. त्यांनी तिला रिमोट दाबायला लावला. युनिट घुमू लागलं, पाती जागच्या जागी थरथरत राहिली. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं एका पात्याला हलकेच ढोसलं. टक झालं आणि पंखा भरारला. "असा कुणी धक्का दिला तरच," ते म्हणाले, आणि त्यांनी मेन स्विच बंद केला. "कोण देतं?"

"कुणी नाही. घरी मी आणि आई. लेक पुण्याला हॉस्टेलवर असते."

पाती थांबली तसं त्यांनी बोटानं दाखवलं. पात्यांवर गेल्या वर्षापासूनची धूळ बसलेली होती, फक्त एका पात्याच्या कडेला बोटाच्या पेराएवढी जागा लख्ख होती. "हे बघा. कपॅसिटर नसला की पंखा ढकलू त्या बाजूला फिरतो. उलटा ढकलला तर उलटा, मग गार होत नाही. ज्यानं कुणी ढकललाय त्याला बाजू माहीत आहे." मग त्यांनी हळूच विचारलं, "आईंना उठता येत नाही ना?"

"नाही," चैताली म्हणाली.

माणसाला भीती वाटली की तो आपल्या कामात शिरतो. आवेजभाईंनी मेलेला कपॅसिटर पुसून त्यावरचा आकडा वाचला. सहा. मग मोबाइलच्या उजेडात मोटारीवरची पाटी वाचली. अडीच. "सहाचा कुणी लावला?"

"यांनी. मोठा लावला की मोटारीला दम येतो म्हणायचे."

"अंबडमधले सगळे तेच म्हणतात." ते किंचित हसले. "आणि नंतर येणारा मेकॅनिक पाटी वाचत नाही, जुन्यावरचा आकडा बघतो आणि तसाच आणतो. मग एकाची चूक दहा जणांच्या हातून फिरते. जास्तीचा लावला तर मोटार तापून जळते, कमीचा लावला तर ती उठत नाही. व्होल्ट चारशे चाळीस किंवा वरचे चालतील, पण मायक्रोफॅरडचा आकडा पाटीवर असेल तोच. माझ्याकडे आत्ता चारचा आहे. तो बसवणार नाही. अडीचचा घेऊन येतो, तोवर लावू नका."

ते जिना उतरून गेले आणि घर एकदम शांत झालं.

चैताली म्हणजे महापालिकेच्या शाळेतली शिक्षिका. भूतबीत काही नसतं, हे तिनं किती वर्गांना घोकून घेतलं असेल. घर बौद्धांचं, जयरामच्या मागे पुण्यानुमोदन केलं, त्रिशरण म्हटलं, श्राद्धपक्षाचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे मनात जे उसळून आलं त्याची तिला लाज वाटली. ते भयापेक्षा मोठं होतं, आणि तो आनंद होता. जयराम गेलेलाच नव्हता. भर दुपारी, भिंतीपलीकडे, तिच्या एका बटणाच्या अंतरावर तो उभा होता. आणि आता आवेजभाई तो अडीचचा डबा घेऊन येणार, पंखा आपला आपण फिरायला लागणार आणि जयरामचं इथलं काम संपणार. नको तो कपॅसिटर. फोन करून सांगावं, राहू द्या, आम्ही चालवून घेऊ.

पण आधी डोळ्यांनी बघायचं होतं. तिनं मेन स्विच चालू केला, रिमोट दाबला आणि धावत गॅलरीत गेली. युनिट घुमत होतं. पाती थरथरत होती. ती जाळीजवळ तोंड नेऊन बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली.

काहीच झालं नाही. घुमणं वाढत गेलं, पत्र्याला हात लाववेना.

"आत ये बाई," मंगलाबाईंचा आवाज आला. "तू बघत असली का त्याचा हात चालत नाय."

चैताली आत आली, आणि तिनं उंबरा ओलांडला तोच मागे टक झालं. पंखा फिरू लागला.

"आई, तुम्हाला दिसतात ते?"

"दिसायला काय झालं?" मंगलाबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. विंचूरकडच्या त्या बाईचं बोलणं तीस वर्षं शहरात राहून बदललं नव्हतं. "रोज तिथंच उभा ऱ्हातो. समोरून ऊन लागतंय त्याला."

"मला का नाही सांगितलं?"

"तू पोरांना शिकवती भूत नसतं म्हणून. आन् भूत कशाचं? माझा पोरगा हाय."

चैताली पलंगाच्या कडेला बसली. तिला एकदम पुष्कळ विचारायचं होतं आणि तोंडातून एकच निघालं, "कसे आहेत?"

"लय दमलाय. कामटी धुंडत ऱ्हातो सारखा. कोपऱ्यात बघतो, कठड्याखाली बघतो. तू टाकून दिली ना ती. आता बोटानंच ढकलतो. पातं लागतं त्याला, बाई. बोटं पार फाटून गेलीत. म्हणून तर उशीर लावतो."

चैतालीनं हातातल्या रिमोटकडे पाहिलं. एसी काही एकदा लावून भागत नाही. खोली गार झाली की बाहेरचं युनिट थांबतं, तापली की पुन्हा घुमू लागतं, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ते पातं ढकलावं लागतं. मार्चपासून ती रोज सकाळीच मंगलाबाईंसाठी एसी लावत होती आणि झोपेपर्यंत तो चालू असायचा. नवऱ्याची शेवटची भेट म्हणून जिला जपलं, ती ही होती. तिनं एसी बंद केला, आवेजभाईंना फोन लावला आणि म्हणाली, "अडीचचाच आणा. आजच आणा. दुसरा कुठलाही नको."

मग वहीचा एक पुठ्ठा घेऊन ती सासूला वारा घालत बसली. खोली भट्टीसारखी तापली.

आवेजभाई असरची, उतरत्या दुपारची नमाज पढून आले. चैतालीनं नवा कपॅसिटर त्यांच्या हातातून घेतला, त्यावरचा आकडा स्वतः वाचला आणि मोटारीची पाटी पुन्हा एकदा वाचून घ्यायला लावली. अडीच आणि अडीच. काम करताना त्यांचे ओठ सारखे हलत होते. ते काय पढत होते हे तिनं विचारलं नाही. झाकण बसलं. तिनं रिमोट दाबला. घूं झालं नाही, टक झालं नाही. पंखा अलगद, आपल्या आपण फिरू लागला, इतका मुकाट की तिला रडू फुटलं.

आवेजभाईंनी चहाला थांबायचं नाव काढलं नाही. ते गेल्यावर तिनं डोळे पुसले आणि पलंगाशी जाऊन म्हणाली, "झालं, आई. आता ढकलावं लागणार नाही. सुटले ते."

मंगलाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"मग तो आजून तिथंच का उभा हाय?"

चैतालीला वाटलं होतं की काम संपलं की माणूस जातो. वीस वर्षं तिनं जयरामला काम संपवून घरी येताना पाहिलं होतं आणि एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. तिनं गॅलरीचं दार उघडलं. उतरतं ऊन तोंडावर आलं. गॅलरी रिकामी होती. वाळत घातलेला एक टॉवेल, पाण्याचं पिंप, दुसरं काही नाही. भीत भीतच ती दारातून बाजूला सरली आणि वाट करून दिली.

"अहो, पंखा लागलाय," ती म्हणाली. "किती वेळ उन्हात उभं राहायचं? आत या."

तापलेल्या कापडासारखं काहीतरी तिच्या दंडाला घासून गेलं. मागोमाग वाइंडिंगच्या वार्निशचा तो वास आला, जो त्याच्या शर्टांतून कधी धुऊन जायचा नाही. पलंगावर मंगलाबाईंनी डाव्या हातानं आपला लुळा पाय ओढून बाजूला घेतला आणि पायथ्याशी एका माणसापुरती जागा केली.

"बस," त्या म्हणाल्या. चैतालीला नाही.

चैतालीला इतकं बरं गेल्या कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. तिनं गॅलरीचं दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली.