चार उमटेपर्यंत

पंचवटीतल्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर आकड्यांची ओळ होती आणि कोणी बोटही न लावता खाली नवी ओळ उमटली की सगळे हात जोडत. अंकमहाराज माइकवरून सांगत होते की हे अंक स्वयंभू आहेत, स्वतःची कुंडली स्वतःच वाचतात, माणसाचं हे काम नव्हे. मी पोट धरून हसले असते. पण पुढच्याच रांगेत आमची मखमलाबादची शेजारीण रूपाली बसली होती आणि तिच्या मांडीवर तिची लेक दिशा धापा टाकत होती.

दिशाला रोज इन्सुलिन लागतं. ते परवापासून बंद होतं. रूपालीच्या घरी झेंडूची शेती, आणि कुठलंही काम देवीला कौल लावल्याशिवाय होत नाही. फूल उजवीकडे पडलं की होकार, डावीकडे पडलं की नकार. काहीतरी एक पडतंच, हे धरून चालायची तिची जन्माची सवय. महाराजांनी नेमकी तीच धरली. ओळीत चार उमटला की सुई द्या म्हणाले, तोवर अंगारा.

मी कॉम्प्युटर शिकवते, आकड्यांचं हे जुनं कोडं मी लगेच ओळखलं. तिथेच खाली बसून मोबाइलवर चार-सहा ओळींचा प्रोग्राम लिहिला, आणि महाराजांचे स्वयंभू अंक माझ्या हातात पळायला लागले. रूपालीला दाखवलं. पहिली ओळ १. त्यात काय आहे? एक एक, म्हणून खाली ११. त्यात दोन एक, म्हणून २१. मग एक दोन आणि एक एक, म्हणून १२११. वरची ओळ मोजायची, खाली लिहायची, संपलं. चार यायला वरच्या ओळीत एकच आकडा सलग चारदा हवा. तसं व्हायला एकाच आकड्याचे दोन गट शेजारी हवेत, आणि तसे गट आधीच एकत्र मोजले जातात: 'एक एक, एक एक' असं कधी लिहिलंच जात नाही, 'दोन एक' लिहिलं जातं.

"अगं, चार येणारच नाही. आज नाही, कधीच नाही."

तिने विचारलं, "मग देवी नाय म्हणती का?"

"देवी काहीच म्हणत नाहीये, रूपाली. मशीन मोजतंय. ऊठ, पोरीला उचल."

महाराज माइकवरून श्रद्धा ढळू देऊ नका म्हणत होते. आम्ही रिक्षा पकडली. दिशा आता डोळेही उघडत नव्हती.

दवाखान्यात सलाइन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. आधी का नाही आणलं, असं डॉक्टरांनी विचारलं. पोरगी वाचेल का, हे मात्र त्यांना सांगता येईना. रूपाली भिंतीला टेकून बसली आहे. तिच्यावर चिडावं की तिला जवळ घ्यावं, मला कळत नाही.

कौल लावायचा तर खुशाल लावा. पण आधी औषध द्या. आणि कोणी वाट बघायला सांगितलं, तर पहिल्यांदा विचारा, ते येणार तरी आहे का?