एकाच वळणाचं अक्षर

दर गुरुवारी शिवणखोलीतली यंत्रं भिंतीला सरकवून अनाथाश्रमातल्या मुली गोल करून बसत. समुपदेशक बाई मध्ये बिस्किटांचा रिकामा डबा ठेवत. स्वतःबद्दल मनात येणारं सगळ्यात वाईट वाक्य चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही. मग डब्यातून एक चिठ्ठी उचलायची आणि मैत्रिणीला द्यावं तसं उत्तर द्यायचं.

उंचीमुळे जिला सगळ्या उंटीण म्हणत, त्या सतरा वर्षांच्या मुलीच्या खिशात नर्सिंगच्या शाळेचा अर्ज होता. आज पाचपर्यंत द्यायचा होता. आई-वडिलांच्या रकान्यापाशी तो आठवडाभर अडला होता.

"उचल गं, डबा चावत नाही," मिरची म्हणाली. वय तेरा, पण जिभेला हाड नाही, म्हणून हे नाव.

चिठ्ठी उघडताच उंटिणीचे कान तापले. 'माझ्यातच खोट असणार. नाहीतर मला कोण टाकून गेलं असतं?' तिचंच वाक्य, तिचंच अक्षर. नशीबही असं, की स्वतःचीच चिठ्ठी हाती यावी.

"काय सांगशील हिला?" बाईंनी विचारलं.

"सांगायचं काय? खरंच आहे. चांगली वस्तू कोणी टाकत नाही."

मिरचीने ओढणीत तोंड खुपसलं.

"ती माझी होती," आतून आवाज आला.

उंटिणीने पुन्हा पाहिलं. तेच अक्षर. असणारच, इथल्या प्रत्येकीचा हात धरून एकाच ताईंनी अक्षर गिरवून घेतलं होतं. तिची स्वतःची चिठ्ठी, हेच वाक्य लिहिलेली, अजून डब्यातच होती.

"मला माझी वाटली गं. तुला नव्हतं म्हणायचं."

"म्हणजे स्वतःला तू असं बोलतेस?"

"तुझ्यात काही खोट नाही."

"आणि तुझ्यात?"

उंटिणीचा हात खिशातल्या अर्जावर गेला.

मिरचीने नाक पुसलं. "तुझा तो अर्ज दिलास?"

"रकाना कोरा आहे."

"कोराच दे. तू दिलास तर 'खोट नाही' हे तुझं मी खरं मानीन. नाहीतर मघाचंच खरं."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. बाईंनी 'जा' म्हणून मान हलवली.

दोघी अर्ज द्यायला फाटकाबाहेर पडल्या. उंटिणीने हात पुढे केला. मिरचीने तो धरला नाही, पण चार पावलं मागून ती चालत राहिली, नजर अर्जाच्या खिशावर ठेवून.