सोबतीला कोण आलंय?

बायकोचे सख्खे-चुलत धरून इतके मेव्हणे-मेव्हण्या होते, की सगळं गावच त्यांना दाजी म्हणायला लागलं होतं. आणि दाजींना माणसांचा भारी वैताग. सासऱ्यांच्या पायाचं गळू कापायचं होतं, नुसतं गळू हो, तर दवाखान्याच्या व्हरांड्यात अख्खं खानदान डबे घेऊन ठाण मांडून बसलेलं. "ही काय जत्रा भरवलीय?" म्हणून दाजी सगळ्यांवर खेकसले. बायको त्यानंतर चार दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

तेच दाजी आता परक्या देशात एका कारखान्यात लेथ चालवत होते. कानांवर आवाज अडवणारी टोपणं, समोर फिरणारं लोखंड, त्यामुळे दिवसभर तोंड बंद. जेवणाच्या सुट्टीत जो तो आपल्या भाषेच्या टेबलावर बसायचा. दाजींच्या भाषेचं टेबलच नव्हतं. ते भिंतीकडे तोंड करून डबा उघडायचे आणि पहिले काही महिने म्हणायचे, वा, काय शांतता! पुढे पुढे ते असं म्हणेनासे झाले.

तर या दाजींचं पोट दुखायला लागलं. ओवा चावून झाला, सोडा पिऊन झाला, उपास करून झाला. मग एक दिवस शौचाला काळं झालं आणि दाजींचं धाबं दणाणलं. त्यांचे वडील पोटाच्याच कॅन्सरने गेले होते, आणि सुरुवात अशीच झाली होती. पण बायकोला फोनवर काय सांगितलं? "मी ठणठणीत आहे गं, तू तुझं बघ."

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. शांतपणे ऐकून घेतलं, पोट दाबून पाहिलं. म्हणाल्या, घशातून नळी घालून आत बघावं लागेल, भूल देऊ, काही कळणार नाही. "फक्त घरी न्यायला सोबत कुणीतरी आणा. माणूस नसेल तर तपासणी होत नाही."

झालं! इथे घोडं अडलं. दाजींनी खोलीवर येऊन फोनमधली नावं वर-खाली सरकवून पाहिली. सगळी नावं समुद्रापलीकडची. शेजारच्या लेथवाल्याला विचारावं, तर वर्षभरात त्याच्याशी मान हलवण्यापलीकडे व्यवहार नाही. कुठल्या तोंडाने म्हणायचं, की बाबा, माझ्यासाठी दिवसभराची रजा काढ?

म्हणून दाजींनी आपल्याकडचा हुकमी उपाय केला. ठरल्या दिवशी एकटेच गेले. सिस्टरने विचारलं, "सोबतीला कोण आलंय?" तर मोडक्यातोडक्या बोलीत ठोकून दिलं, "भाऊ येतोय. खाली गाडी लावतोय. पाच मिनिटं."

आपल्याकडे पाच मिनिटं म्हणजे काय ते तुम्हाआम्हाला ठाऊक. पण ही सिस्टर सरळमार्गी. ती खरंच थांबली. नंबर पुढे ढकलला, दारापर्यंत जाऊन आली, शेवटी जिन्याने खालीही जाऊन आली. "खाली कुणीच नाही," ती म्हणाली. रागावली असती तर परवडलं असतं. तिला दाजींची कीव आली होती, आणि ते दाजींना फार लागलं. बाहेर बसथांब्यावर येऊन हा बापडा रडला. गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून, चक्क रडला.

पुढल्या खेपेला त्यांनीच विचारलं, "भूल न देता होत नाही का?"

"होतं," सिस्टर म्हणाली, "घशात नुसता बधिर करणारा फवारा मारायचा. मग सोबतीला कुणी लागत नाही. त्रास होतो पण."

"चालेल."

चालेल म्हणणं सोपं हो! नळी घशाखाली उतरली तेव्हा दाजींच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आतडी तोंडात येतायत असं वाटलं. हात हवेत चाचपडत होता आणि त्यांना एकजात सगळे मेव्हणे आठवत होते, तो घोरणारा मधलासुद्धा.

मग डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या, "अल्सर आहे. जखम. दुसरं काही दिसत नाही. गोळ्यांनी भरून येईल."

वडिलांसारखं नव्हतं! दाजी उड्या मारतच बाहेर यायचे, पण बाहेर आले आणि नुसते उभे राहिले. खुर्च्यांवर इतरांची माणसं बसलेली. ही बातमी सांगायची कुणाला? बायकोला दुखणंच सांगितलं नव्हतं, तर बरं झाल्याचं कुठल्या तोंडाने सांगणार?

तेवढ्यात काउंटरवर आवाज ऐकू आला. लोकरी टोपी घातलेला एक म्हातारा, दाजींच्यासारखाच कुठल्यातरी तिसऱ्या मुलखातला, हातवारे करून सांगत होता, "मुलगा. खाली. गाडी. येतो आता." आणि सारखा दाराकडे बघत होता. ते बघणं दाजींनी लगेच ओळखलं. ज्याचं कुणी येणार नसतं ना, तोच इतक्यांदा दाराकडे बघतो.

दाजी पुढे झाले. घसा अजून बधिर, शब्द बोबडे येत होते. "यांच्यासोबत मी आहे. घरापर्यंत नेईन."

सिस्टरने एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा दाजींकडे. "लागली का तुमची गाडी एकदाची?" ती म्हणाली, आणि म्हाताऱ्याला आत घेऊन गेली. आत जाताना त्याने डोक्यावरची टोपी काढून दाजींच्या हातात दिली. आपल्याच माणसाकडे द्यावी तशी.

दाजी टोपी मांडीवर घेऊन सोबत्यांच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"आत्ता कसा काय फोन? कामावर नाही गेलात?"

"दवाखान्यात आहे."

"अगंबाई! कोण आजारी आहे?"

"मीच. म्हणजे होतो. बाबांसारखं असेल वाटलं होतं. नाहीये तसं. अल्सर निघाला."

पलीकडून हुंदका ऐकू आला. बायको रडत होती, हे दाजींना कळलं. मग नाक ओढत तिने तेच विचारलं, जे आपल्याकडे कुणीही पहिल्यांदा विचारतं.

"सोबतीला कोण आहे?"

दाजींनी मांडीवरच्या टोपीकडे पाहिलं. "आहे एक म्हातारा."

"देवच पावला म्हणायचा. मला वाटलं, एकटेच गेलात की काय. अहो, त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडू नका हं."

"नाही सोडत," दाजी म्हणाले.

फोन ठेवून ते कोपऱ्यातल्या मशीनपाशी गेले. त्यांना स्वतःला तासभर काही प्यायची बंदी होती. त्यांनी एकच चहा घेतला, वर झाकण लावलं आणि गार होऊ नये म्हणून तो कप त्या टोपीत गुंडाळून दाराकडे बघत बसले.