मामांच्या राखेतला सांधा

भिजवलेल्या उडदाच्या पिठाचा नि अंड्याच्या पांढऱ्याचा उग्र वास आला, की चारठाण्याच्या ओसरीवर बसलेले मामा आठवतात. चैत्राच्या कोवळ्या उन्हात त्यांची बोटं मोडक्या हातावरून फिरायची ती निजलेल्या लेकराला थोपटावं तशी, आणि मग बांबूच्या कामट्या, त्यावर लेप, त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी. ऊसतोडीहून हातपाय मोडून आलेली कितीतरी माणसं त्या ओसरीवरून बरी होऊन गेली. मामा माझ्या आईचे थोरले भाऊ, पंचक्रोशीतले हाडवैद्य. ते म्हणतील ती आईची पूर्व दिशा.

आईचा खुबा झिजला तेव्हा परभणीच्या डॉक्टरांनी धातूचा सांधा बसवायला सांगितलं. मी सगळी तयारी केली होती. मामांनी लेप कालवता कालवता नुसती मान हलवली. देहात लोखंड घालणं हा देहाचा अपमान आहे, म्हणाले. झालं! आई दहा वर्षं भिंत धरून चालली.

मधल्या एका उन्हाळ्यात मामा स्वतः लंगडायला लागले. लेकीकडे हैदराबादला दोन महिने राहिले आणि परतले ते ताठ चालत. आपल्याच लेपाचा गुण, म्हणाले. आम्ही भोळसटांनी माना डोलावल्या.

परवा त्यांच्या अस्थी सावडायला गेलो. राखेवर पाणी शिंपडून वेचत होतो, तर हाताला गुळगुळीत गोळा लागला, खाली धातूचा दांडा. खुब्याचा सांधा. मामेभावाला काडीचंही नवल वाटलं नाही. कळलं असतं तर लेपाला कोण आलं असतं, असं काहीसं तो पुटपुटला. मग हळूच म्हणाला, "आत्याला सांगू नको." मला संताप आला. मेलेल्या माणसाचा येऊ नये, तरी आला.

घरी येऊन आईला सांगितलंच. पदराच्या काठाशी चाळा करत तिनं विचारलं,

"दादाला मंग चालताना दुखत न्हवतं ना?"

"न्हाई."

"बरं झालं."

आता सांधा बसवायचा म्हटलं, तर तिचं काळीज भूल सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. पुढे म्हणे असे पदार्थ येणार आहेत, जे हाडाला आधार देतील आणि नवं हाड धरलं की स्वतःच विरून जातील. मग कुणाच्याच राखेत काही सापडणार नाही. मामा गेले, त्यांना विचारायचा जाबही त्यांच्याबरोबर गेला. आईची ती दहा वर्षं मात्र कुठेच गेली नाहीत. ती रोज सकाळी तिच्याबरोबर कण्हत उठतात.