आपल्या माणसाची लाइन

कपिल दारात आला की आमचे नानाजी, म्हणजे माझे यजमान, आधी त्याच्या पाया पडतात आणि मग नेट का चालत नाही ते विचारतात. विचारतात म्हणजे काय, विचारायचं राहूनच जातं. पाया पडून वर उठेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर असं काही कौतुक पसरलेलं असतं की तक्रार कशी करावी हे त्यांना सुचतच नाही.

कपिल म्हणजे नानाजींच्या थोरल्या बहिणीचा, नंदाबाईंचा मुलगा. आमच्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायचं असतं, आणि मामीनंही. तो पाळण्यात होता तेव्हापासून आम्ही पडतो आहोत. आता त्याचं पोट सुटलं, डोक्यावरचे केस विरळ झाले, यवतमाळात इंटरनेटचं ऑफिस थाटून त्यानं खांबाखांबावरून वायरी नेल्या. लोहाऱ्यात आमच्या घरीही त्याचीच वायर. घरचा भाचा असताना परक्याची वायर घ्यायची हा विचार आमच्या डोक्याला कधी शिवलाही नाही. तशी अक्कल आमच्या घराण्यात उशिराच येते.

आता म्हाताऱ्या माणसांचं नेटवाचून एवढं काय अडलं होतं, असं कुणी विचारेल. आमचं काही अडलं नव्हतं. आमची दिपाली अडली होती.

दिपाली आमची एकुलती एक. वणीला दिली होती. जावई अक्षय, कोळशाचे ट्रक, दुमजली घर. सगळं पाहून दिली, फक्त त्याचा हात पाहिला नाही. दिवाळीला ती माहेरी आली ती लॅपटॉपची बॅग आणि दोन ड्रेस घेऊन, आणि भाऊबीज झाली तरी परत जायचं नाव काढेना. एकदा न्हाणीघरात तिची पाठ मला दिसली. त्यानंतर मी तिला कधी जाणार म्हणून विचारलं नाही.

नानाजींना मात्र घोर लागला. लोकांना सांगायचं काय? नवऱ्याला सोडून आली असं सांगायची तर त्यांची छाती नव्हती. मग त्यांनीच तोड काढली. दिपाली एका कंपनीसाठी घरबसल्या मुलांना गणित शिकवायची. पुण्याची मुलं, नाशिकची मुलं, दोन तर दुबईची. नानाजी येईल त्याला सांगू लागले, "पोरीचं ऑनलाइन काम हाये. वणीले नेट बराबर नाई, म्हून इथं राह्यते." लोक मान डोलवायचे. वणीहून फोन आला तरी हेच उत्तर. मला ते आडपडदे आवडत नव्हते, पण पोरगी डोळ्यासमोर होती आणि रात्री शांत झोपत होती. बाकी जगाला काय सांगायचं ते सांगा, म्हटलं. म्हणजे शेवटी तिचं आमच्या घरात राहणं त्या शिकवणीवर टांगलेलं होतं, आणि शिकवणी कपिलच्या वायरीवर.

सुरुवातीला सगळं छान चाललं. मग संक्रांतीच्या सुमाराला वायरीचं कुठंतरी बिनसलं. दिवसभर ठीक, आणि संध्याकाळी, नेमकी शिकवणीच्या वेळेला, मुलांचे चेहरे पडद्यावर अडकून बसायचे. इकडे दिपाली समीकरण समजावून सांगते आहे, आणि तिकडून पोरं ओरडताहेत, "टीचर, आवाज येत नाहीये." पोरांच्या आया कंपनीकडे तक्रारी करायच्या. तिला मिळणारे तारे कमी होत गेले. या धंद्यात म्हणे तारे मोजून काम देतात. शेवटी कंपनीनं कळवलं, महिनाअखेरपर्यंत सुधारणा झाली नाही तर तुमचे वर्ग दुसऱ्याला देऊ.

फोन केला की कपिलचा माणूस फुलचंद यायचा. नेहमी दुपारी. मोबाइलवर नेटच्या वेगाचा काटा फिरवून दाखवायचा, "पाहा काकू, शंभर येऊन राह्यलं. तुमच्या लॅपटॉपमधेच काई असन." नाचता येईना अंगण वाकडं, आणि तेही अंगण आमचंच. दोनदा कपिल स्वतः आला. नानाजी पाया पडले, मी पाया पडले, त्यानं चहा घेतला, ओल्या तुरीच्या सोल्यांच्या दोन कचोऱ्या खाल्ल्या, नेटच्या डब्याला हात लावून "आता पाहा" म्हणाला आणि गेला. संध्याकाळी पुन्हा तेच.

समोरच्या घरात हरिसिंग राठोड राहतो, एसटीत कंडक्टर. एकदा शिकवणी मध्येच बंद पडली तेव्हा त्याची बायको रंजिता दिपालीला म्हणाली, "आमच्या घरी येऊन घे ना व." दिपाली लॅपटॉप उचलून पळाली. तिथं सगळं लख्ख. एक मूल अडकलं नाही, एक शब्द तुटला नाही. तोच खांब, तीच वायर, तोच प्लॅन. चार-पाच दिवस ती तिथं जाऊन बसली. मग नानाजींनी मोडता घातला. "हरिसिंगच्या घरी रोज दोन दोन घंटे बसते, लोक काय म्हनतीन?" लोकांनी आजवर काय म्हटलं नाही ते एकदा मला यांच्याकडून ऐकायचं आहे.

मी म्हटलं, मग दुसऱ्या कंपनीची वायर घेऊ. नानाजी माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी देव्हारा उचलून रस्त्यावर ठेवायला सांगितलं. "भाच्याची वायर कापू? नंदाबाई माह्या घराची पायरी चढन का मंग?"

तेव्हा मी एकटीच ऑटोत बसून यवतमाळला कपिलच्या ऑफिसात गेले. भांडायलाच गेले होते. आणि काय सांगू, तो खुर्चीतून उठला तशी सवयीनं वाकून आधी त्याच्या पाया पडले. स्वतःचाच इतका राग आला.

"मामी, तुमी कायले आल्या एवढ्या दूर? फोन करायचा."

"फोन केला तं तुहा मानूस येते, दुपारी शंभर दाखवते अन् जाते. समोर हरिसिंगच्या घरी सांजच्याले नेट धावते. आमचंच काहून अडकते?"

मला वाटलं, उडवाउडवी करेल. पण तो हसला. अगदी मोकळेपणानं, घरच्या माणसाशी बोलावं तसा.

"आता तुमच्याशी काय खोटं बोलू मामी. लाइन तेवढीच हाये, गिऱ्हाईक वाढले. सांजच्याले सारेच बसतात. कोनाचं तरी स्पीड खाली कराच लागते. हरिसिंगचं खाली केलं तं तो इथं येऊन माय-बहीन काढते, अन् दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची वायर घेते. आपले मानसं थोडेच कुठं जातात? म्हून आपल्यावाल्याइचं खाली ठेवतो मी. तुमचं केलं, काकाचं केलं, माह्या सासऱ्याचंबी केलं. आपला मानूस समजून घेते."

असं म्हणून त्यानं माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर लाज औषधालाही नव्हती. उलट आपण मामीला विश्वासात घेतलं याचंच समाधान होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते हे. परका असता तर ग्लास त्याच्या टेबलावर आपटला असता.

"थोडे दिवस चालवून घ्या," तो म्हणाला, "मार्चनंतर मोठी लाइन घेतो."

मार्चनंतर! माझ्या डोक्यात तिडीक गेली, आणि जे दिवाळीपासून कुणापाशी बोलले नव्हते ते भडाभडा बाहेर पडलं. "दिपाली कामासाठी नाई राह्यली इथं. अक्षय मारते तिले. पाठ पाह्यली मी तिची. काम गेलं तं तुहे मामा तिले दोन दिवस घरात ठेवनार नाई. तुह्या मार्चले काय करू मी?"

कपिलचे डोळे खरंच भरून आले. वाईट नाही हो तो. वाईट असता तर बरं झालं असतं. त्यानं समोरचा कीबोर्ड ओढला, आमचं नाव शोधलं आणि एक बटण दाबलं. "झालं मामी. आता कधीच खाली नाई करनार."

एवढंच होतं ते. एक बटण. त्याच्यासाठी माझी पोरगी महिनाभर रडली होती.

"कोनाले सांगू नको," मी बजावलं. "तुह्या मायलेबी नाई."

"शप्पथ, मामी."

पुढचा आठवडा कसा गेला म्हणून सांगू! मी स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसायची आणि आतून दिपालीचा आवाज यायचा, "शाब्बास! आता एक्सची किंमत काढा पाहू." एकही शब्द तुटत नव्हता. गेलेली मुलं परत आली, तारे परत आले. एका संध्याकाळी वर्ग संपल्यावर ती बाहेर येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली आणि म्हणाली, "आई, दुबईवाल्या पोरीची माय म्हने, हीच टीचर पायजे." मला वाटलं, जिंकलो. मला खरंच तसं वाटलं होतं.

पण कपिलच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि आईपाशी तर नाहीच. नंदाबाईंनी ऐकलं, त्यांना कळवळा आला, आणि त्यांनी तडक वणीला फोन लावला. रविवारी सकाळी आमच्या दारात दोन गाड्या उभ्या राहिल्या. नंदाबाई, कपिल, अक्षय आणि त्याचे वडील. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची पाळी आली, पण म्हणणार कुणाला? सगळे मदतीलाच आले होते.

"वहिनी, एवढं झालं अन् मले सांगतलं नाई?" नंदाबाई मला जवळ घेऊन रडल्या. "मी काय परकी हावो?"

अक्षय खाली मान घालून "चुकलं माहं" म्हणाला. त्याच्या वडिलांनी "आता असं होनार नाई" म्हणून हमी दिली. ट्रकचा टायर बदलून देऊ म्हणावं तशी दिली. नानाजींच्या खांद्यावरचं ओझं उतरताना मला डोळ्यांनी दिसत होतं.

दिपाली भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "पन माहं काम हाये इथं. वणीले नेट नाई बराबर."

तेवढंच एक वाक्य तिच्यापाशी होतं. ते आम्हीच तिला दिलं होतं.

"त्याची काळजी कायले करतं?" कपिल उत्साहानं पुढं झाला. "वणीत माहा दोस्त हाये नेटवाला. काल सोता जाऊन लाइन टाकून आलो. लोहाऱ्यापेक्षा फास्ट! माह्या बहिनीसाठी एवढं नाई करनार का मी?"

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं म्हणा. दिपालीनं माझ्याकडे पाहिलं.

"तिले नाई जायचं," मी म्हटलं. चांगलं मोठ्यानं म्हटलं. "तिले नसन जायचं तं ती जानार नाई."

नंदाबाईंचे डोळे तिथल्या तिथं कोरडे झाले. "लेकीचा संसार मोडता का काय वहिनी?"

"विमल," नानाजी म्हणाले, "चहा ठेव."

मी जागची हलले नाही. मग नानाजी उठले आणि दिपालीपुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी नुसते हात जोडले. ती तीस वर्षांची, कमावती, शहाणी बाई. तिला कुणी दोरी बांधून नेत नव्हतं. पण भरल्या बैठकीत बाप हात जोडून उभा राहतो तेव्हा कोणत्या पोरीला नाही म्हणता येतं ते मला एकदा दाखवा. "जाऊ दे आई," ती म्हणाली आणि आत जाऊन बॅग भरू लागली.

ती गेली आणि आमची लाइन पुन्हा खाली आली. कपिलनं रागानं केली नाही. आता आम्हाला गरज नव्हती, एवढंच. आमचं घर पुन्हा आपल्या माणसांत जाऊन बसलं.

दिपाली आठवड्यातून एकदा फोन करते. मी तिला व्हिडिओच लावायला सांगते. आवाजात ती काही कळू देत नाही, म्हणून मला तिचा चेहरा पाहायचा असतो. परवा संध्याकाळी तिचा फोन आला. सासू देवळात गेली होती म्हणे. चेहरा उतरलेला, ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली.

"नेट कसं हाये तिथलं?" मी विचारलं.

"मस्त हाये आई. काईच अडकत नाई."

"मंग शिकवण्या?"

"लॅपटॉप त्याइच्याजवळ असते. ट्रकचा हिशेब करतात त्याच्यावर." ती मागं वळून दाराकडे पाहून आली. मग फोन अगदी तोंडाजवळ घेतला. "आई, आइक. मले..."

आणि ती थांबली. डोळे अर्धवट मिटलेले, तोंड उघडं. चेहऱ्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. "बोल व," मी ओरडले, "बोल, मी आइकून राह्यली!" माझा आवाज तिकडे पोचत होता की नाही, देव जाणे. चक्र फिरत राहिलं, आणि मग कॉलच तुटला.

मी साधा फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तो तिच्या सासूबाईंनी.

"दिपाली कामात हाये. काई निरोप होता का?"

"नाई नाई," मी म्हटलं, "सहजच केलता. जेवनं झाले का सगळ्याइचे?"