शेवटचा डबा

टीव्हीवर नव्या देशाचं नाव आलं की चिंधूजी सोमकुवर वाटीतली एक सरकी उचलायचे आणि नकाशावर त्या देशाच्या अंगावर ठेवायचे. नकाशाचं पुस्तक त्यांच्या लेकीचं, अर्चनाचं, ती शाळेत होती तेव्हाचं. त्याच्या कडा उंदरांनी खाल्ल्या होत्या, पण आतलं जग शाबूत होतं. आधी त्यांनी तुरीचे दाणे ठेवून पाहिले. कोणी दार उघडलं की वाऱ्यानं ते घरंगळायचे आणि जपानातला रोग समुद्रात जाऊन पडायचा. सरकीला कापसाचे बारके तंतू राहिलेले असतात. ती कागदाला धरून बसते.

दोन हजार वीस सालचा जानेवारी होता. चीनमधून निघालेला विषाणू थायलंडला पोहोचला, मग जपानला, मग कोरियाला. रोज जेवणाआधी चिंधूजी पुस्तक पलंगावर उघडत आणि चष्मा पुसत. त्यांची बायको कमल चुलीपाशी बसून त्यांची गंमत पाहत असे.

"काय पाहून राहिले एवढं? तुमच्या ड्युटीवर आहे का तो रोग?"

"रोग काय अन् गाडी काय, कमल. रूळ सोडून जात नाही. एका टेसनावरून सुटली का दुसऱ्या टेसनावर येते. आता नेपाळात आली."

"अन् फ्रान्सात कशी गेली मंग? तो तर पार त्या टोकाले."

"ते एक्सप्रेस. मधात थांबत नाही."

कमल हसली. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर चिंधूजींनी पॉइंट्समन म्हणून, गाड्यांचे रूळ बदलून देत, उमर काढली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी जगातलं सगळं त्यांना रुळावरूनच येताना-जाताना दिसायचं.

पॉइंट्समनचं एक काम लोकांना माहीत नसतं. गाडी स्टेशनातून धडधडत निघून जाते तेव्हा इंजिनाकडे सगळेच पाहतात. पॉइंट्समन पाहतो शेवटच्या डब्याकडे. त्या डब्याच्या पाठीवर एक पिवळी पाटी असते आणि तिच्यावर दोन इंग्रजी अक्षरं, एल आणि व्ही. ती पाटी दिसली म्हणजे गाडी पुरी आली. दिसली नाही, तर एखादा डबा मागे तिगावच्या घाटात सुटून राहिला असेल, आणि त्याच रुळावर दुसरी गाडी सोडली तर माणसं मरतील. म्हणून शेवटचा डबा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मागच्या स्टेशनाला लाईन मोकळी झाली असं कळवायचं नाही.

चिंधूजी नोकरीला लागले तेव्हा त्यांना एकही अक्षर येत नव्हतं. ती दोन अक्षरं त्यांच्यासाठी चित्रं होती: एक वाकवलेली सळई आणि एक पाखराची उघडी चोच. पुढे अर्चना पहिलीत गेली. शाळेतून आली की पाटी घेऊन बापासमोर बसायची आणि गुरुजींच्या आवाजात म्हणायची, "म्हणा बाबा, कमळाचा क." चिंधूजी म्हणायचे, "तुह्या आईचा क." तिच्यासोबत ते पहिली शिकले, दुसरी शिकले. वर्तमानपत्राचा मथळा त्यांनी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यांचे केस पिकायला लागले होते.

ती अर्चना आता इटलीत होती. नागपूरला नर्सिंग करून ती तिकडे गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. मिलानजवळच्या एका गावात एक म्हातारी बाई एकटी राहायची, तिच्याच घरी राहून अर्चना तिचं सगळं करायची. फेब्रुवारीत तिला सुट्टी मिळाली होती. तिकीट काढून झालं होतं. सौंसरला तिच्या आतेभावाचं, रवींद्रचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. कमलनं लेकीसाठी शेवया करून डबा भरून ठेवला होता.

आणि जानेवारीच्या अखेरीस भारतातली पहिली सरकी ठेवावी लागली, केरळावर. त्याच सुमारास आणखी एक ठेवली, रोमवर. तिथे दोन प्रवासी आजारी निघाले होते, पण ते चीनहूनच फिरायला आलेले. चिंधूजींनी बराच वेळ नकाशाकडे पाहिलं आणि लेकीला फोन लावला.

"तू आता येऊ नको, बेटा. इकडे गाडी येऊन राहिली. दिल्लीच्या विमानतळावर कुठकुठचे लोक असतीन. महिनाभर थांब."

"बाबा, तीन वर्षं झाले."

"महिना काय, असा जाते. तुह्याकडे लाईन मोकळी आहे."

तिनं तिकीट पुढे ढकललं. बापाचा शब्द ती कधी खाली पडू द्यायची नाही.

साक्षगंधाच्या तयारीसाठी चिंधूजी आणि कमल सौंसरला गेले, तेव्हा थोरली बहीण देवकाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. भोवती चार बाया होत्या.

"अर्चना कोणत्या दिवशी येऊन राहिली रे चिंधू?"

"येत नाही, बाई. मीच नाही म्हटलं."

देवकाबाईचा हात थांबला. "तू नाही म्हटलं? अन् कायले?"

"केरळात रोग आला ना. पोरगी तिकडे आहे तेच बरं."

"अन् रोमले सापडले ते? रवींद्र वाचून दाखवून राहिला होता मले."

"ते चीनचेच होते. थ्रू गाडी होती ते. आली अन् गेली."

"पाहा वो बायांनो," देवकाबाई सूप आपटत म्हणाली, "माह्या भावाची नोकरी सुटली, पण झेंडी काही सुटली नाही. आता पोटच्या पोरीलेही सिग्नल देऊन राहिला!"

बाया हसल्या. चिंधूजीही हसले. कमल हसली नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीतून संत्र्याच्या बागा पाहत राहिली.

फेब्रुवारी उतरणीला लागला होता. चिंधूजी जेवायला बसले होते आणि टीव्हीवर इटलीचा नकाशा आला. उत्तरेकडचा भाग लाल. मिलानच्या आसपासची गावं बंद केली, रस्त्यांवर पोलीस, दवाखान्यांत जागा नाही. बातम्या देणारी बाई बोलत होती आणि खाली आकडे पळत होते. चिंधूजींनी हातातला घास ताटात ठेवला. सरकीची वाटी ओढली, पुस्तक उघडलं. इटलीवर सरकी आधीच होती. त्यांनीच ठेवलेली.

रोमच्या त्या दोघांचाच हा रोग की दुसऱ्या वाटेनं आलेला, ते कोण जाणे. पण गाडी आली नि गेली, हे ठरवलं होतं चिंधूजींनी, पांढुर्ण्याच्या खोलीत पलंगावर बसून. सगळ्या नोकरीत जे कधी केलं नाही ते त्यांनी केलं होतं. शेवटचा डबा न पाहता लाईन मोकळी सांगितली होती, आणि त्या लाईनीवर त्यांची पोर उभी होती.

कमल उठली. ताटं उचलताना एवढंच म्हणाली, "पोरगी आतापर्यंत घरी असती."

त्या दिवसापासून अर्चनाचा फोन रोज दुपारी यायचा, तिकडे सकाळ असायची तेव्हा. म्हातारीला घेऊन आपण घरातच आहोत, सामान दाराशी आणून ठेवतात, रुग्णवाहिकेचा आवाज थांबत नाही, असं ती सांगायची. चिंधूजी ऐकायचे.

स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाणं त्यांनी सोडलं. टपरीवाला विनोद रोज ओरडून विचारायचा, "काका, आता कोणतं टेसन घेतलं गाडीनं?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण इराण, स्पेन, अमेरिका असं सांगताना पूर्वी चिंधूजींना जी ऐट वाटायची, तिची आता त्यांना लाज वाटत होती.

होळी झाली. मोहगावकडचे यशवंतराव संत्र्याची पिशवी घेऊन आले. त्यांची बाग होती आणि चिंधूजींशी जुना लोभ होता.

"मृग बहाराचा माल आहे, चिंधूजी, गोड आहे. गाडी भरून उभी आहे अन् समोरचा व्यापारी फोन उचलून नाही राहिला. म्हटलं, माणसांनी तरी खावा." मग आवाज उतरवून म्हणाले, "कमलवहिनी सांगून राहिल्या होत्या, तुम्ही जेवून नाही राहिले म्हणून. तुम्हाले काय मालूम होतं?"

"मालूम नव्हतं, तेच तर, यशवंतराव. मालूम नसलं तर म्हणायचं, मालूम नाही. मी म्हटलं, मोकळी आहे."

यशवंतरावांनी एक संत्रं सोलून त्यांच्या हातात ठेवलं. ते त्यांनी धरून ठेवलं, खाल्लं नाही.

दोन दिवसांनी नगरपालिकेचे दोघं जण तोंडाला रुमाल बांधून दारात उभे राहिले. "तुमची मुलगी इटलीवरून आली म्हणते."

"आली नाही," चिंधूजी म्हणाले.

"मोहल्ल्यात तर लोक म्हणून राहिले का आली, अन् घरात लपवली."

कमल आतून आली, पदर खोचून. "या ना भाऊ, आत या. पलंगाखाली पाहा, कोठीत पाहा. अन् सापडली तर मलेही दाखवा. तीन वर्षं झाले, मी नाही पाहिली."

ते दोघं पायरीवरूनच परत गेले.

त्याच दुपारी अर्चनाचा फोन आला. आवाज बसलेला होता. सरकारचं एक विमान येणार होतं, अडकलेल्या लोकांना न्यायला. तिचं नाव लागलं होतं.

"ये," कमल फोनवर वाकून म्हणाली. "आत्ताच्या आत्ता ये, बाई."

"आई, आजीले ताप आहे. तिचा पोरगा दुसऱ्या शहरात अडकला, रस्ते बंद आहेत. मी निघाली तर तिले पाणी द्याले कोणी नाही." ती खोकली, मग थांबून म्हणाली, "मलेही कालपासून घसा धरल्यासारखा वाटते. बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणसान तसं करतो."

कमलनं नवऱ्याकडे पाहिलं. एक शब्द ते बोलले असते, ये म्हणून, तर पोर विमानात बसली असती. चिंधूजींच्या ओठांवर तो शब्द आलाही होता. जानेवारीच्या अखेरीस 'येऊ नको' हाही असाच आला होता, इतकाच सहज.

"अर्चना," ते म्हणाले, "तारा तुटल्या अन् फोन मुका झाला, का आम्ही ड्रायव्हरले सिग्नल देत नसो. चिठ्ठी देत होतो. म्हणत होतो, पुढचं आमाले दिसून नाही राहिलं, तू हळू जा, तुह्या डोळ्यानं पाहत जा. मागच्या वेळेस मले दिसत नव्हतं तरी मी सांगतलं. आता नाही सांगत. तिथं तू आहे. तू पाहा. तू जे करशीन त्याले मी चूक म्हणणार नाही, अन् तुही आईही म्हणणार नाही."

पलीकडे ती पुन्हा खोकली.

"बाबा, अन् गाडी मीच असली तर?" अर्चना म्हणाली. "तुमच्यापर्यंत रोग घेऊन येणारी? विमानात एवढे लोक. मंग घरी तुम्ही, आई."

चिंधूजींनी डोळे मिटले.

"मी थांबतो," ती म्हणाली. "तुम्ही म्हटलं म्हणून नाही. मीच पाहिलं."

कमल भिंतीला टेकून खाली बसली. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

मग देशच बंद झाला. चिंधूजींच्या घरातून स्टेशन ऐकू येतं. जन्मभर त्यांनी गाड्यांवरून वेळ ओळखली होती, आता प्रवासी गाडी एकही येत नव्हती. कधीमधी मालगाडी जायची, तेवढ्यापुरती भांडी थरथरायची. नकाशावर सरकी ठेवायला जागा उरली नव्हती. चिंधूजींनी पुस्तक मिटलं, आणि मिटताना पानांत काही सरक्या चिरडल्याचा बारीक आवाज आला.

तिकडची म्हातारी गेली. अर्चनानं तिचा हात धरून ठेवला होता. नंतर अर्चनाला ताप चढला. ती त्याच घरात एकटी होती. फोन यायचा, पण नुसता आवाज. कमल म्हणायची, "तोंड दाखव ना वो." अर्चना म्हणायची, "नेट नाही चालून राहिलं, आई. बरी आहे मी." रोज तेच दोन शब्द, बरी आहे. चिंधूजींना ते इंजिनाच्या शिट्टीसारखे वाटायचे. शिट्टी ऐकू येते, त्यावरून मागे किती डबे आहेत ते कळत नाही. मध्ये तीन-चार दुपारी फोनच आला नाही. कमल बुद्धाच्या तसबिरीसमोर बसून राहायची, चिंधूजी फोनसमोर.

एप्रिल तापायला लागला होता तेव्हा फोन वाजला. "बाबा, ताप गेला. डॉक्टरनं सांगतलं, बरी झाली."

कमल रडायला लागली. चिंधूजी म्हणाले, "व्हिडिओ लाव."

"बाबा, आवाज ऐकून राहिले ना तुम्ही."

"लाव म्हटलं ना."

पडद्यावर चेहरा आला. गाल आत गेलेले, डोळ्यांखाली काळं. ती हसली. कमलनं तोंडावर पदर दाबला.

"फोन कुठं तरी उभा ठेव," चिंधूजी म्हणाले. "मागं सरक. पुरी दिसू दे. हां. आता वळ, अन् खिडकीपर्यंत चालून दाखव."

"हे काय बाबा?"

"चाल, बेटा."

अर्चना क्षणभर बापाकडे पाहत राहिली. लहानपणी ती त्यांचा जेवणाचा डबा घेऊन फलाटावर जायची तेव्हा ते असेच उभे असायचे, गाडी निघून गेली तरी. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती वळली. भिंतीला हात लावत, हळूहळू, मध्ये एकदा थांबून, पुन्हा चालत ती खिडकीपर्यंत गेली. तिची पाठ दिसली, पाठीवरची बारीक झालेली वेणी दिसली, टाचा दिसल्या.

"दिसलं का बाबा?" तिनं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"दिसलं," चिंधूजी म्हणाले. "पुरी आली."

त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत वर गेला होता आणि मूठ हिरवी झेंडी धरल्यासारखी वळलेली होती. फोन बंद झाला तरी हात तसाच राहिला. मग कमलनं तो धरला आणि सावकाश खाली घेतला.