चांगला डोळा

माझ्या धाकट्या भावाला गप्प बसणं माहीत नव्हतं. जेवताना घास हातात धरून तो सांगणार की ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. चहात साखर ढवळता ढवळता सांगणार की शुक्रावरचा एक दिवस तिथल्या अख्ख्या वर्षापेक्षा मोठा असतो. नोकरी पाणीपुरवठा खात्यात, मीटर वाचायची. पण दर रविवारी पेपरात ‘ठाऊक आहे का?’ नावाचा त्याचा चौकोन छापून यायचा आणि त्यावर तो आठवडाभर फुगलेला असायचा. मी म्हणायचे, शुक्राचं राहू दे, घरातला गॅस कधी संपतो ते तरी ठाऊक ठेव. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण याच्याचसाठी झाली असावी.

माझी मुलगी मात्र मामावर जीव टाकायची. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण एका जागी बसेल तर शपथ. तिचे बाबा मालवाहू जहाजावर, वर्षातून एकदा दिसणारे. मी बेकरीत भट्टीवर, पहाटेच घर सोडणारी. म्हणजे तिला अर्धं मामानेच वाढवलं. दुर्बीण कशी लावायची तेही त्यानेच शिकवलं: मोठ्या नळीवर बसवलेल्या छोट्या नळीतून आधी तारा शोधायचा, मध्यावर आणायचा, मग मोठ्या नळीला डोळा लावायचा. त्या छोट्या नळीला ते दोघं ‘शोधक’ म्हणत. अकराव्या वर्षी पोरीला हे मामाइतकंच येत होतं.

तिचा डावा डोळा जन्मापासून आळशी. लहानपणी उजव्यावर पट्टी लावून डाव्याला कामाला लावायचा मी खूप खटाटोप केला. ती पट्टी ओरबाडून काढायची, मी पुन्हा चिकटवायची, दोघी रडायचो. डावा काही सुधारला नाही. भिंत कुठे आहे, दारात कोणीतरी उभं आहे, एवढंच त्याला कळतं. वाचणं, लिहिणं, माणसं ओळखणं सगळं उजव्यावर. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते की हा एक चांगला डोळा आहे, तो सांभाळा. मी सांभाळला. कंपासपेटीतला कर्कटकसुद्धा मी काढून ठेवला होता.

त्या दिवशी शाळेत मामाला बोलावलं होतं, मुलांना सूर्यावरचे डाग दाखवायला. सूर्याकडे दुर्बिणीतून बघायचं नसतं. दुर्बीण सूर्याकडे वळवायची आणि मागे पांढरा पुठ्ठा धरायचा, म्हणजे सूर्याचं थाळीएवढं चित्र त्यावर पडतं. नळीची सावली बघून नेम धरायचा. शोधक त्या कामाला लागतच नाही, म्हणून घरून निघायच्या आधीच तो काढून खिशात टाकायचा, असा भावाचा नियम होता; त्यामुळे शोधकातून सूर्य बघू नये हे पोरीला सांगायची वेळच आली नव्हती. पण त्या सकाळी पश्चिमेला चंद्र अजून होता आणि मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, आधी तो दाखवा ना, दिवसा चंद्र म्हणजे मुलांना गंमत वाटेल. चंद्रासाठी त्याने शोधक बसवला. मग दुर्बीण सूर्याकडे वळवली आणि शोधक तसाच राहिला, उघडा.

मुलं पुठ्ठ्याभोवती जमली. हा ठिपका दिसतो ना, यात आपली अख्खी पृथ्वी मावेल, असं तो रंगात येऊन सांगत होता. पाठ दुर्बिणीकडे. पृथ्वी फिरत असते, त्यामुळे चित्र हळूहळू पुठ्ठ्यावरून सरकायला लागलं. शाळेतल्या बाकीच्या पोरांना ती छोटी नळी कशाची हेसुद्धा माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त माझ्या पोरीला. मामाचं काम अडू नये म्हणून ती वाकली आणि सूर्य मध्यावर आणायला तिने शोधकाला डोळा लावला. उजवा.

ती ओरडली नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणं कळतच नाही, तो भाजला तरी माणसाला काही जाणवत नाही. हेही त्या चौकोनात छापून आलं होतं. नुसतं दिपल्यासारखं झालं म्हणून ती बाजूला झाली आणि कोणाला काही बोलली नाही. संध्याकाळी वही उघडून बसली आणि म्हणाली, ‘आई, मी जे अक्षर बघायला जाते ना, तेवढंच नाहीसं होतं.’

रिक्षात बसून मी तिला सारखी बोटं दाखवत होते. डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बरंच तपासलं आणि सांगितलं, पडदा नेमका मध्यभागी भाजलाय. यावर औषध नाही. काही महिन्यांत आपोआप थोडं भरून येतं कधी कधी, कधी नाही येत. वाट बघा.

भावाला मी दारातच सांगितलं की या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही. पेपरातला चौकोन त्याने बंद केला. संध्याकाळी येऊन जिन्यात बसायचा, फळांची पिशवी दाराला अडकवून निघून जायचा. ती फळं मी शेजारणीला द्यायचे. एवढा राग होता माझ्यात.

आणि वाट बघणं म्हणजे काय ते मला विचारा. गाजरं, बदाम, पालक, कोणी काय सांगेल ते. बुडत्याला काडीचा आधार. बेकरीत माझे पाव करपायला लागले, मालकाने दोनदा सुनावलं. रोज कामावरून आल्या आल्या मी तिच्यापुढे काहीतरी धरायचे, बिस्किटाचा पुडा, कॅलेंडर, आणि म्हणायचे, वाच. ती आधी चाचपडायची. मग हळूहळू बरोबर सांगायला लागली. बिस्किटाचं नाव, महिना, तारीख. मी तिच्या बाबांना जहाजावर फोन केला की भरून येतंय.

काही महिन्यांनी, पुढच्या तपासणीला तिने तक्त्यावरची अक्षरं वरपासून खालपर्यंत धडाधड म्हटली. अगदी शेवटची बारीक ओळसुद्धा. मी खुर्चीतच रडायला लागले. डॉक्टरांनी बटण दाबून तक्ता बदलला आणि पुन्हा वाच म्हणाले. तिने पुन्हा तीच अक्षरं म्हटली, त्याच क्रमाने, तितक्याच धडाधड.

बाहेर बाकावर बसून मी तिला विचारलं, पाठ केलीस? कधी? ती म्हणाली, माझ्या आधी आत गेलेला मुलगा म्हणत होता ते ऐकून. पुड्यांची नावं वासावरून. तारीख रेडिओवरून. ‘तू रोज विचारतेस ना,’ ती म्हणाली, ‘नाही म्हटलं की तू जेवत नाहीस.’

डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं होतं की मधला भाग आता येणार नाही. तिला कडेने बघायला शिकवावं लागेल, आपण त्याची सोय करू. मी ऐकून घेतलं आणि मनात ठरवलं, दुसरा डॉक्टर गाठायचा, तिसरा गाठायचा. शिकवणी लावणं म्हणजे आशा सोडणं. ती मी सोडणार नव्हते.

रविवारी दुपारी दार वाजलं. साखळी न काढता मी फटीतून बघितलं. भाऊ होता, दाढी वाढलेली. डॉक्टरांना भेटून आलो म्हणाला.

‘ताई, मी तिला शिकवतो. मला येतं ते.’

‘तुला सगळंच येतं,’ मी म्हणाले. ‘तुझी माहिती घेऊन जा.’

‘फिकट तारा असला की आम्ही त्याच्याकडे सरळ बघतच नाही. डोळ्याच्या मध्यभागाला अंधुक उजेड दिसत नाही, कडेला दिसतो. म्हणून थोडं बाजूला बघायचं, मग तारा दिसतो. वीस वर्षं मी तसंच बघतोय, ताई. तिचं मधलंच गेलंय. कडा शाबूत आहेत.’

‘गेलंय म्हणू नकोस.’

‘गेलंय,’ तो म्हणाला. ‘मी घालवलंय.’

मी दार लावून घेणार होते. मागे पावलं वाजली. भिंगरी भिंतीला हात लावत आली आणि माझ्या पाठीशी उभी राहिली.

‘आई, उघड ना,’ ती म्हणाली. ‘मला तुझं तोंड दिसत नाही. त्या दिवसापासून नाही दिसलं.’

इतके दिवस मी तिला पुड्यावर काय लिहिलंय ते विचारत होते. माझं तोंड दिसतं का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी साखळी ओढत राहिले, ती निघेना. शेवटी तिनेच चाचपडत काढली.

त्याने मला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि तिला समोर. एवढा बडबड्या माणूस, पण अगदी मोजकं बोलत होता. आईच्या कानाकडे बघ. नाही? अजून वर. आता खिडकीच्या कोपऱ्याकडे. घाई नको, मान हलवू नकोस, नुसता डोळा. माझ्या मनात एकच होतं, की मी इथे बसले म्हणजे मी मान्य केलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायचीही सोय नव्हती, कारण मलाही त्याने हलू नकोस म्हणून सांगितलं होतं.

तिची नजर माझ्यावरून सरकत सरकत माझ्या डोक्याच्या वर, खिडकीच्या पडद्याच्या दांडीवर गेली आणि तिथे थांबली. बराच वेळ ती दांडीकडे बघत राहिली.

‘आई,’ ती म्हणाली, ‘किती गं बारीक झालीस.’